वाचकांचे प्रश्न : लेखनावर संसार चालेल का?

लघुउद्योगांविषयीच्या या सदराकडे एरवी कर्ज, जागा आणि उधारीची वसुली यांबद्दलची पत्रे येतात. अलीकडे मात्र इंटरनेटवर लेखन करून, म्हणजे ब्लॉग चालवून, पोट भरू पाहणाऱ्यांची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा सूर थकलेला आहे. त्यांपैकी काही पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी नऊ वर्षे तपासणी विभागात होतो. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कोल्हापूर परिसरातील पर्यटन आणि खाद्यपदार्थ या विषयांवर मराठीतून ब्लॉग लिहू लागलो. आजवर दीडशेहून अधिक लेख झाले असून महिन्याला साधारण पंधरा हजार पानभेटी होतात. पण गुगलच्या जाहिरातींचे शंभर डॉलर साठायला सात-आठ महिने लागतात. बाबा म्हणतात, परत कारखान्यात जा. मित्र म्हणतात, चिकाटी सोडू नकोस, यश येतेच. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर : मित्रांचे बोलणे ऐकायला गोड आहे, पण त्यात हिशेब नाही, म्हणून आधी हिशेब करू. साडेसात महिन्यांत एक लाखाहून थोड्या अधिक पानभेटी आणि त्यातून शंभर डॉलर, म्हणजे हजार पानभेटींमागे तुमच्या हाती एक डॉलरही पडत नाही. डॉलरचा भाव ८५ ते ९० रुपयांच्या घरात धरला आणि घरखर्चाला महिना २५ हजार रुपये लागतात असे मानले, तर याच दराने तुम्हाला दरमहा तीन लाखांहून अधिक पानभेटी हव्यात. आज आहेत त्याच्या वीसपटीहून जास्त. आणखी दीडशे लेख लिहून हा आकडा गाठता येईल असे तुम्हाला स्वतःला तरी वाटते का?

हा दर कमी का आहे, ते समजून घ्या, कारण त्यात तुमच्या कष्टांची कसूर नाही. ब्लॉगवर जाहिराती दाखवून लेखकाला त्यांचा वाटा देणारी ॲडसेन्स ही गुगलची योजना २००३ पासून चालू आहे. हिंदी भाषेचा समावेश तिच्यात २०१४ मध्ये झाला आणि मराठीचा त्यानंतर काही वर्षांनी. पानावरील जाहिरातीची जागा तिथल्या तिथे लिलावाने विकली जाते. जाहिरातदार जो खर्च करतो, त्यातला साधारण ६८ टक्के वाटा लेखकाला मिळतो, आणि २०२४ पासून ही मोजणी जाहिरातीवर झालेल्या क्लिकऐवजी ती किती वेळा दिसली यावर होते. लिलाव म्हटला की बोली लावणारे किती आहेत यावर भाव ठरणार. कर्ज, विमा, घरखरेदी अशा विषयांवरील वाचकासाठी जाहिरातदारांची झुंबड असते. रंकाळ्यावर संध्याकाळी काय खावे हे वाचणाऱ्यासाठी ती नसते, आणि मराठी पानावर तर बोली लावणारे आणखी थोडे. सबब हा भाव तुमच्या लेखणीच्या जोरावर वाढणारा नाही.

आता चिकाटीचा मुद्दा. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असते, पण त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. हा झाला चिकाटीचा भाग. उरलेला भाग असा की लक्ष्मणराव केवळ नांगरावर विसंबून बसले नव्हते; कडबा कापण्याची यंत्रेही त्यांच्या कारखान्यात होत होती. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले, त्यातून पुढे नामांकित मासिक उभे राहिले. ब्लॉगच्या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाने याचा विचार करावा असे मला वाटते, कारण तेथे आधी माल होता, गिऱ्हाईक होते, आणि लेखन त्या दोघांना जोडण्यासाठी आले. तुम्ही लेखनापासून सुरुवात केली आहे. त्यात काही वावगे नाही, मात्र विकायचे काय हा प्रश्न दोन वर्षे तसाच राहिला आहे.

तो प्रश्न दोन अंगांनी सोडवता येईल. पहिले अंग पर्यटनाचेच. तुमच्या दीडशे लेखांपैकी कोणते लेख, कोणत्या महिन्यात, कोठल्या गावाहून वाचले जातात हे गुगल सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्स या दोन्ही विनामूल्य साधनांत दिसते. माझा अंदाज असा की नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचा नोव्हेंबरातला आणि जानेवारीअखेरचा किरणोत्सव, उन्हाळी सुट्टीतला पन्हाळा आणि पावसाळा संपल्यावर उघडणारे दाजीपूरचे जंगल, एवढ्यावर तुमचे निम्म्याहून अधिक वाचक येत असतील, आणि ते पुणे-मुंबईचे असतील. अशा कुटुंबाला लेखाहून अधिक काही तरी हवे असते. आजी-आजोबांना घेऊन दर्शन केव्हा सोपे जाईल, गाडी कोठे लावावी, दोन दिवसांत काय वगळावे, याचे त्यांच्यापुरते नियोजन करून देणे ही सेवा आहे आणि तिला पैसे मागता येतात. ज्या निवासगृहाला किंवा गाडीवाल्याला हे वाचक हवेत, त्याच्याकडून वर्षाची थेट जाहिरात घेतली, तर एका जाहिरातीचे पैसे तुमच्या वर्षभराच्या डॉलरांपेक्षा अधिक होऊ शकतात. मात्र त्यासाठी घराबाहेर पडून दहा ठिकाणी नकार ऐकावा लागेल. लेख लिहिण्यात दिवस घालवणाऱ्या अनेकांना नेमके हेच काम टाळायचे असते, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरे अंग तुम्हाला सुचले नाही याचे मला नवल वाटते. नऊ वर्षे तुम्ही कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, तपासलेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि शहरातले शिवाजी उद्यमनगर मिळून येथे ओतकाम आणि मशिनिंगवर जगणारी हजारो माणसे आहेत. ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधली वायूची पोकळी, का पडते, वाळूतील ओलावा वाढला की कास्टिंगवर त्याचा परिणाम कसा दिसतो, गिऱ्हाईकाकडून माल परत आला तर कारण शोधायला कोठून आरंभ करावा, यांवर शॉपफ्लोअरवरच्या मराठीत लिहिणारे किती जण आहेत? आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाला हे मराठीत हवे असते. असे वाचक महिन्याला दोन हजारच मिळतील. पण त्यांच्या मागे कारखाने आहेत, मोजमापाची साधने विकणारे आहेत, प्रशिक्षणासाठी पैसे मोजणारे मालक आहेत. थोड्या वाचकांच्या विषयातून अधिक मिळकत होते, ती यामुळे.

राहिला बाबांचा प्रश्न. त्यांना पानभेटींचे आलेख दाखवू नका, जमाखर्चाची वही दाखवा. होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याच्या जागेचे भाडे), डोमेन (तिचा पत्ता), प्रवास आणि सुटलेला पगार हे सारे तिच्यात लिहा. त्याखाली आणखी किती रक्कम आणि किती महिने तुम्ही या उद्योगात घालू शकता, तेही लिहा आणि त्यावर दोघेही कायम राहा. तोवर निम्म्या वेळेचे तपासणीचे काम मिळत असेल तर घ्यावे. त्याने लेखनाचा विषय ताजा राहील आणि बाबांची चिंताही निम्मी होईल. नोकरी धरणे म्हणजे हार, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे.

प्रश्न : आमचे करवीर तालुक्यात घरचे गुऱ्हाळ आहे. सगळा गूळ मार्केट यार्डातील सौद्यात जातो आणि भाव कसा लागेल ते आमच्या हातात नसते. मी पदवीधर असून लिहिण्याची आवड आहे. लेखनाच्या आधारे थेट घरोघरी गूळ विकावा असे मनात आहे. गेल्या हंगामात गुळाच्या आरोग्यदायी गुणांवर वीस लेख लिहिले, पण चार जणांनीसुद्धा मागणी नोंदवली नाही. काय चुकले? — एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : ताई, गुळाचे गुण सांगणारे लेख इंटरनेटवर पायलीला पन्नास आहेत आणि ते लिहिणाऱ्यांतील बहुतेकांनी गुऱ्हाळ पाहिलेलेही नाही. तुम्ही त्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलात. तुमच्या दारात जे घडते ते त्यांना लिहिता येणार नाही, आणि तेच तुम्ही वगळले आहे.

चुलवाणावर काहिल, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, चढल्यापासून गुळाचा रवा (ढेप) भरेपर्यंतचा प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र लेख आहे. रस तापू लागल्यावर मळी कशी वर येते आणि ती वेळेत काढली नाही तर काय होते. रस निवळण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस का घालतात. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पाक पाण्यात टाकून गोळी बघतो तेव्हा नेमके काय ओळखतो. जळव्याने, म्हणजे चुलीला जळण घालणाऱ्याने, जाळ थोडा अधिक लावला तर चवीत काय फरक पडतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला यातले काही ठाऊक नसते. ज्याला हे कळले, तो पुढच्या वेळी वाण्याकडच्या ढेपेकडे वेगळ्या नजरेने पाहील आणि त्याला पडलेले प्रश्न घेऊन तुमच्याकडे येईल.

एक विषय धाडसाचा आहे, तरी तो टाळू नये. सौद्यात पिवळ्याधमक गुळाला चांगला भाव मिळतो, म्हणून रंग उजळण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉस या रसायनाची पावडर वापरली जाते, हे या धंद्यातल्या सर्वांना माहीत आहे. ती न घालता केलेला गूळ रंगाने गडद होतो आणि सौद्यात मागे पडतो. तुम्ही थेट विक्रीकडे वळण्याचे खरे कारण हेच असेल, तर ते स्पष्ट लिहा: आमचा गूळ काळपट दिसतो, तो का, आणि त्यासाठी आम्ही काय सोडले. मात्र असा दावा केला की प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल जवळ हवाच. ‘सेंद्रिय’ हा शब्द तर प्रमाणपत्राशिवाय पाकिटावर मुळीच छापू नका. त्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण लागते. पाकीटबंद विक्रीला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु ते चिन्ह वापरायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवून घ्यावे लागते. ही तीन-चार कागदपत्रे कशी मिळवली, कोठे खेटे घालावे लागले, हेदेखील लिहा. इतर गुऱ्हाळवाले ते आवडीने वाचतील.

वेळेचेही एक गणित आहे. गुऱ्हाळे साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाच्या तोंडावर विझतात. त्या दिवसांत तुम्हाला लिहायला सवड नसते आणि विकायला माल असतो. म्हणून फोटो आणि टिपणे हंगामात घ्यावीत, लेखन पावसाळ्यात करावे आणि गणपतीच्या आसपास आगाऊ मागणी घ्यायला सुरुवात करावी. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते, तेव्हा साठवणीचा लेख जूनच्या आधी वाचकांपर्यंत जायला हवा. पहिल्या हंगामात मालाचा दहावा भाग जरी थेट गेला तरी तो पुरेसा समजा आणि उरलेला नेहमीप्रमाणे सौद्यात जाऊ द्या. सगळा माल एकदम वळवण्याच्या भानगडीत पडू नका. अडत्याशी संबंध तोडून कुरिअरच्या भरवशावर बसणे परवडणारे नाही.

प्रश्न : ‘तीन महिन्यांत ब्लॉगमधून लाख रुपये’ असा २२ हजार रुपयांचा ऑनलाइन वर्ग आहे. प्रवेश घ्यावा का? — एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : त्या शिक्षकांना एवढेच विचारा की त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात ब्लॉगचा वाटा किती आणि वर्गाच्या शुल्काचा किती. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजावे. ब्लॉग चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली मुक्त परवान्याखाली २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, ती वापरण्याची माहितीही फुकट आहे, आणि डोमेन व साधे होस्टिंग यांचा पहिल्या वर्षाचा खर्च काही हजारांच्या पुढे जात नाही. उरलेले पैसे एखादा चांगला विषय समजून घेण्यासाठी प्रवासावर आणि पुस्तकांवर खर्च करावेत.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने मी आठवड्याला शंभर लेख तयार करतो. थोडी दुरुस्ती करून ते टाकतो. सुरुवातीला वाचक वाढले, आता जवळजवळ शून्यावर आले. चिकाटीने चालू ठेवावे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. वाचकांच्या उपयोगासाठी नव्हे तर केवळ शोधयंत्रात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये धोरण कडक केले. तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याने त्या धोरणात फरक पडत नाही. तुमची वेबसाइट त्यात सापडलेली दिसते. साधनाचा उपयोग मुद्दे जुळवायला, शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी माहिती समजून घ्यायला जरूर करावा. पण तुम्ही यंत्रमागाच्या गावात राहता. कापडाचे किती मीटर विणले याबरोबर त्याला गिऱ्हाईक कोण हेही तेथे पाहिले जाते, आणि गिऱ्हाईक नसलेल्या मालाने गोदाम भरले की काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. निरुपयोगी लेख काढून टाका, स्वतःच्या माहितीचे पंधरा-वीस ठेवा आणि सहा महिने थांबा. सुधारणा दिसायला वेळ लागतो, काही वेळा ती होतही नाही; तसे झाले तर नवे डोमेन घेऊन नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडेल.

प्रश्न : मी खाद्यपदार्थांवर लिहिते. ताराबाई पार्कातील एका उपाहारगृहाने तांबडा-पांढऱ्याचे जेवण आणि वर तीन हजार रुपये देऊन ‘चांगले लिहा’ असे सांगितले. जेवण खरोखरच उत्तम होते. मग पैसे घेतल्याचे वाचकांना सांगायची गरज आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. जाहिरात मानक परिषदेने डिजिटल माध्यमातील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरांसाठी) २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पैसे तर सोडाच, फुकट जेवण किंवा भेटवस्तू घेतली असेल तरी ती उघड करावी लागते. हा उल्लेख ठळक हवा, लेखाच्याच भाषेत हवा आणि शेवटच्या ओळीतल्या बारीक अक्षरांत दडवलेला नको. मराठी लेखाच्या आरंभी ‘हा लेख पैसे घेऊन लिहिलेली जाहिरात आहे’ एवढे वाक्य पुरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही लागू आहे. शिवाय अशा लेखात त्या उपाहारगृहाच्या वेबसाइटचा दुवा देत असाल तर तो पैसे घेऊन दिल्याची खूण त्या दुव्याला जोडावी, असा गुगलचा नियम आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याबद्दल प्रत्येकाचे स्वतःचे मत असते आणि ते ठाम असते. तुमच्या शब्दावर विसंबून गेलेल्या माणसाला रस्सा पाणचट लागला आणि मागून पैशांची गोष्ट कळली, तर तो तुम्हाला पुन्हा वाचणार नाही आणि चार जणांना सांगेलही. माझ्या मते तीन हजारांत असे लेख लिहूच नयेत. उपाहारगृहाकडून उघडपणे जाहिरात घ्यावी, तिच्या जागेवर ती छापावी आणि परीक्षणाचे जेवण स्वतःच्या पैशाने करावे.

प्रश्न : मी लिहितो आणि मित्र छायाचित्रे काढतो. पन्हाळा, विशाळगड आणि इतर किल्ल्यांवरची आमची वेबसाइट चार वर्षांची आहे. आता पैसे येऊ लागले आणि वाद सुरू झाले. डोमेन त्याच्या नावावर आहे, काहीही लेखी नाही. मी बाहेर पडलो तर माझ्या हाती काय राहील? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तुमचे लेख तुमच्याकडे राहतील आणि त्याची छायाचित्रे त्याच्याकडे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे निर्मिती होताच हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. छायाचित्राचा कर्ता ते काढणारा असतो. म्हणजे तुम्ही दोघे वेगळे झालात तर तुमच्या लेखांना चित्रे नाहीत आणि त्याच्या चित्रांना मजकूर नाही, अशी दोघांचीही पंचाईत आहे. समेटाला हेच सर्वांत मोठे कारण ठरावे.

नफ्याचे म्हणाल तर दोघे मिळून धंदा करीत होता आणि नफा वाटून घेत होता हे सिद्ध होत असेल, तर लेखी करार नसला तरी भागीदारी मानली जाऊ शकते, आणि वेगळे काही ठरलेले नसल्यास भागीदारी कायदा, १९३२ नफ्याचे वाटे समान धरतो. तुम्ही जास्त राबलात की तो, याचा हिशेब तो कायदा आपण होऊन करीत नाही. डोमेन मात्र ज्याच्या नावावर नोंदलेले आहे त्याच्याच ताब्यात असते. त्याने ते नूतनीकरण न करता सोडून दिले तर चार वर्षांचा पत्ता दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणून आज दोघे बोलण्याच्या मनःस्थितीत असतानाच डोमेन, होस्टिंग, जाहिरातीचे खाते आणि वाचकांची यादी या चारही गोष्टी भागीदारीच्या नावावर घ्या, बँकेत संस्थेचे खाते उघडा, आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास किती मोबदला द्यायचा ते मुद्रांकित कागदावर लिहा. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या वसुलीसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, तेव्हा ती करून घ्यावी. गडावर जाताना दोराची गाठ दोनदा तपासणारी माणसे कागदाबाबत इतकी बेफिकीर कशी राहतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्रश्न : मी सात वर्षे पाककृतींवर लिहिते. वर्षभरात वाचक निम्म्यावर आले. लेख तेच, मेहनत तीच. मन लागत नाही. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या लेखनात खोट आली असे समजू नका. ऑगस्ट २०२४ पासून गुगलने भारतात शोधाच्या पानावरच यंत्राने तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली आणि ज्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत मावते, त्यासाठी वाचक आता पान उघडतोच असे नाही. पुरणाला डाळ आणि गूळ यांचे प्रमाण काय, हा प्रश्न तुमच्या हातून गेला असे धरून चाला. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात मोकळा कसा ठेवावा, तुमच्या सासूबाई खांडोळीला पीठ कसे भिजवत आणि ते का, हे मात्र अनुभवाचे असते आणि ते चार ओळींत संपत नाही. त्या बाजूला वळा.

त्याचबरोबर शोधयंत्रावरचे अवलंबन कमी करा. सात वर्षांत ज्यांनी तुम्हाला पत्रे लिहिली, शंका विचारल्या, त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने एकत्र करून महिन्यातून दोनदा त्यांना थेट पत्र पाठवावे. व्हॉट्सॲप चॅनेलही सोयीचे आहे, पण तेथील नियम दुसऱ्याच्या हाती असतात आणि वाचकांची यादी तुमच्याकडे येत नाही, म्हणून ते जोडीला असावे. पाचशे माणसांची खरी यादी जमली, तर दिवाळीत भाजणी किंवा मसाल्याची मागणी तिच्यातूनच येईल. मन लागत नसेल तर महिनाभर नवे काही लिहू नका. जुने पंचवीस चांगले लेख दुरुस्त करा. तेही कामच आहे.

प्रश्न : ब्लॉगचे उत्पन्न वर्षाला चार लाखांच्या आसपास गेले आहे. जीएसटी, उद्यम नोंदणी, प्राप्तिकर यांपैकी काय काय लागते? एका एजंटाने उद्यम नोंदणीसाठी अडीच हजार मागितले. — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : एजंटाला पैसे देऊ नका. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे विनामूल्य होते. आधार आणि पॅन पुरतात. बँकेकडे कर्ज मागायला गेलात तर तिचा उपयोग होतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, तुम्ही तिच्यापासून दूर आहात. परदेशी कंपनीकडून येणारे जाहिरातीचे पैसे, दुसऱ्याचा माल विकून मिळणारे कमिशन आणि स्थानिक जाहिरात या तिन्ही प्रकारांना नियम वेगवेगळे लागू शकतात, तेव्हा तिन्हींची नोंद वेगळी ठेवा आणि परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पावती जपून ठेवा.

प्राप्तिकराचा संबंध जीएसटीशी नाही. पैसे डॉलरमध्ये आले म्हणून ते करमुक्त होत नाहीत, हा गैरसमज अनेक पत्रांत दिसतो. कॅमेरा, संगणक, इंटरनेट, प्रवास यांचा खर्च दाखवता येतो, पण बिले तुमच्या नावाची हवीत आणि घरखर्चाच्या खात्यात मिसळलेली नकोत. वर्षाचा देय कर दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो आणि त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना असतात. तेव्हा सीएंकडे मार्चअखेरच्या गर्दीत न जाता जूनच्या आधीच वही, बिले आणि बँकेचे उतारे घेऊन एकदा जाऊन यावे.